षट्चक्रांची कुळकथा



भाद्रपद महिना आला म्हणजे महाराष्ट्रांत घरोघर गणपतीपुढें अथर्वशीर्षाचीं आवर्तनें सुरू होतात. पुण्यास दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर ऋषिपंचमीच्या पहाटे हजारों स्त्रिया एकत्र बसून तें म्हणतात. त्या लहानशा उपनिषदांत एके ठिकाणीं असें सांगितलें आहे कीं, हा देव मनुष्याच्या मूलाधारांत नित्य वास करतो. तें वाक्य आपण भराभर म्हणतों आणि पुढें जातों. मूलाधार म्हणजे काय, तो शरीरांत कोठें आहे, आणि तें नांव प्रथम कोणाच्या तोंडीं आलें, हा प्रश्न शंभरांतील एखाद्याच्याच मनांत येत असेल. आज त्या प्रश्नाचाच माग काढावयाचा आहे. मी योगी नाहीं आणि योग शिकविण्याचा माझा अधिकारहि नाहीं. ही केवळ एका कल्पनेची कुळकथा आहे, आणि ती मीं जशी वाचली व समजून घेतली तशी आपणांस सांगतों.

प्रारंभ एका खऱ्या घडलेल्या गोष्टीपासून करूं. इ. स. १८५५ च्या सुमारास एक तरुण संन्यासी गढमुक्तेश्वराच्या बाजूनें गंगेच्या कांठीं हिंडत होता. त्याच्याजवळ हठयोगावरील कांहीं ग्रंथ होते. त्यांत नाडींचीं व चक्रांचीं लांबलचक वर्णनें होतीं. तीं खरीं कीं खोटीं हा संशय त्याला बरेच दिवस छळीत होता. एके दिवशीं नदीच्या प्रवाहांतून एक प्रेत वाहत येतांना त्याला दिसलें. त्यानें पाण्यांत उडी टाकली, तें प्रेत कांठावर ओढून आणलें, आणि जवळच्या चाकूनें तें चिरून पाहिलें. हृदय बाहेर काढलें, नाभीपासून फांसळ्यांपर्यंतचा भाग तपासला, मस्तक व मान यांचाहि कांहीं भाग पाहिला, आणि ग्रंथांतील वर्णनाशीं तें सारें ताडून पाहिलें. कशाचाच मेळ बसेना. तेव्हां त्यानें ते ग्रंथ फाडले आणि प्रेताबरोबरच गंगेत सोडून दिले.

हा तरुण संन्यासी म्हणजे पुढें आर्यसमाजाचे संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेले स्वामी दयानंद सरस्वती. ही हकीकत त्यांनीं स्वतःच सांगितलेली असून, मुंबईहून निघणाऱ्या 'थिऑसॉफिस्ट' या मासिकांत ती १८७९-८० सालीं छापली गेली. वेद, उपनिषदें, पातंजल योग व सांख्य एवढें सोडून शरीर व योग यांवरील बाकीचे ग्रंथ खोटे, असा निर्णय त्यांनीं त्या दिवशीं मनाशीं केला. दयानंदांच्या धैर्यास व सत्यनिष्ठेस कोणीहि नमस्कारच करील. परंतु त्यांची परीक्षा योग्य जागीं झाली काय, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आपणांस पुष्कळ मागें जावें लागेल.

आपल्या पूर्वजांनीं प्रेत कधीं चिरून पाहिलेंच नाहीं, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत पांचव्या अध्यायीं शवपरीक्षेची रीत सांगितली आहे. प्रेत मुंज वगैरे गवतांत गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्याच्या एकांत जागीं ठेवावें. सात रात्रींनंतर तें बाहेर काढून वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंचल्यानें हळूहळू घासावें, म्हणजे त्वचेपासून आंतपर्यंतचे सर्व अवयव क्रमाक्रमानें दिसूं लागतात. अशा रीतीनें पाहणाऱ्या या सुश्रुतानें हाडें ३०० सांगितलीं, मर्में १०७ सांगितलीं, शिरा ७०० सांगितल्या. पण षट्चक्रांची यादी त्याच्या शारीरस्थानांत नाहीं. आणि त्याच अध्यायाच्या शेवटीं तो एक मोठी मार्मिक गोष्ट सांगतो. देहांत राहणारा जो परम सूक्ष्म असा विभु, तो या चर्मचक्षूंनीं दिसण्याजोगा नाहीं. तो दिसतो ज्ञानाच्या आणि तपाच्या डोळ्यांनीं. प्रेत घासून पाहणाऱ्या शस्त्रवैद्याचेंच हें मत आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कोणती वस्तु कोणत्या डोळ्यानें पाहावयाची, याचा विवेक त्याच्या मनांत स्पष्ट होता.

आतां या दुसऱ्या डोळ्यानें पाहिलेल्या देहाचा इतिहास पाहूं. त्याचें बीज उपनिषदांत आहे. छांदोग्य व कठ या दोन्ही उपनिषदांत सांगितलें आहे कीं, हृदयापासून १०१ नाड्या निघतात, त्यांपैकीं एकच मस्तकाकडे वर जाते, आणि अंतकाळीं त्या वाटेनें जाणारा अमृतत्व पावतो. बृहदारण्यकांत हिता नांवाच्या ७२,००० नाड्या सांगितल्या आहेत, आणि निद्रेंत जीव त्यांतून फिरून विश्रांति घेतो असें वर्णन आहे. तैत्तिरीयांत अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय व आनंदमय असे एकांत एक असलेले पांच पुरुष येतात. त्यांनाच पुढें कोश म्हणूं लागले. परंतु या प्राचीन उपनिषदांत सहा चक्रांची माळ कोठेंहि नाहीं.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'सूक्ष्म शरीर' हा शब्द आपण आज चक्रांच्या संबंधानें सरसहा वापरतों. दर्शनकारांचा सूक्ष्म देह निराळा. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेप्रमाणें बुद्धि, अहंकार, मन, दहा इंद्रियें आणि पांच तन्मात्रें अशा १८ तत्त्वांचें लिंगशरीर असतें. सदानंदाच्या वेदान्तसारांत पांच ज्ञानेंद्रियें, पांच कर्मेंद्रियें, पांच प्राण, मन व बुद्धि असे १७ अवयव मोजले आहेत. एका जन्मांतून दुसऱ्या जन्मीं जातें तें हें शरीर. त्यांत कमळें नाहींत, पाकळ्या नाहींत, कुंडलिनीहि नाहीं. योग्यांचा चक्रमय देह हा साधनेसाठीं मांडलेला देह आहे. पुढच्या ग्रंथकारांनीं दोहोंची सांगड घातली, पण त्यांचें मूळ एक नव्हे.

पतंजलीच्या योगसूत्रांतहि सहा चक्रें नाहींत. तिसऱ्या पादांत नाभिचक्रावर संयम केला असतां शरीररचनेचें ज्ञान होतें, असें एक सूत्र आहे. आणि धारणेच्या जागा सांगतांना भाष्यकार नाभिचक्र, हृदयकमल, मस्तकांतील ज्योति, नासिकेचें अग्र, जिह्वेचें अग्र असे देश सांगतो. मन कोठें तरी बांधावयाचें, यासाठीं या खुंट्या आहेत. त्यांची उतरंड मात्र अद्याप रचलेली नाहीं.

पुढें इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभीं आपल्या विदर्भांतील पद्मपूरच्या घराण्यांत जन्मलेला महाकवि भवभूति याच्या 'मालतीमाधव' नाटकाचा पांचवा अंक उघडला, तर कपालकुंडला ही योगिनी आकाशांतून उडत येते आणि नाडीचक्राची व हृदयकमळाची भाषा बोलते. म्हणजे त्या काळीं ही परिभाषा नाटक पाहणाऱ्या रसिकांच्याहि कानांवरून गेलेली होती. भवभूति तिचा उपयोग भीति व अद्भुत उत्पन्न करण्यासाठीं करतो, यावरून सामान्य जन तिच्याकडे कोणत्या नजरेनें पाहत असतील, तेंहि कळतें.

ही परिभाषा जेथें वाढली तो प्रांत म्हणजे तंत्रांचा. आणि येथें इतिहासाच्या अभ्यासकास पहिला धक्का बसतो. चक्रें सहाच, हें मत मुळीं एकमुखी नाहीं. बौद्धांच्या हेवज्रतंत्रांत चक्रें चार: नाभीशीं निर्माणचक्र, हृदयीं धर्मचक्र, कंठीं संभोगचक्र, आणि मस्तकीं महासुखचक्र. तेथें नाभीशीं पेटणाऱ्या अग्निशक्तीस चांडाली म्हटलें आहे. काश्मिरांत प्रचलित असलेल्या नेत्रतंत्रांत चक्रें सहा आहेत, परंतु त्यांचीं नांवें नाडी, माया, योगी, भेदन, दीप्ति व शांत अशीं आहेत. शिवाय १६ आधार आणि १२ ग्रंथि आहेत. मत्स्येंद्रनाथाच्या नांवावर असलेला 'कौलज्ञाननिर्णय' प्रबोधचंद्र बागची यांनीं १९३४ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केला. त्यांत तर एकाच ग्रंथाच्या पोटांत निरनिराळ्या याद्या आहेत. गोरक्षनाथाच्या नांवावरील 'सिद्धसिद्धांतपद्धति' नऊ चक्रें सांगते. त्यांत टाळूचें एक आहे, आणि शेवटचें आकाशचक्र आहे.

असें कां व्हावें? शरीराचें वर्णन करणारे दोन वैद्य हाताचीं बोटें किती यावर भांडणार नाहींत. पण देवळें बांधणारे दोन स्थपति किती मजल्यांचें शिखर उभारावें यावर सहज निराळे होतील. चक्रांच्या संख्येंतील भेद हा या दुसऱ्या जातीचा आहे. तांत्रिक पूजेंत न्यास नांवाचा विधि आहे. आपल्याकडे साधी पूजा सांगणारे भटजीहि करन्यास व अंगन्यास करवितात. मंत्राचा एकेक भाग म्हणून हृदय, मस्तक, शेंडी यांस हात लावावयाचा. देवाची पूजा करावयाची तर आधीं स्वतःचा देह देवमय करावयाचा, हा त्यांतील अर्थ. ज्या संप्रदायाचा मंत्र जसा, देवता जितक्या, तत्त्वें जितकीं, तशी त्याच्या साधकाच्या देहावरील मांडणी. चक्र म्हणजे देहावर ध्यानानें मांडलेली पूजेची जागा, असें समजलें म्हणजे चार, सहा व नऊ यांतील विरोध नाहींसा होतो.

मग आज सर्वांच्या तोंडीं असलेलीं मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध व आज्ञा हीं सहा नांवें आलीं कोठून? अलीकडील संशोधकांच्या मतें या क्रमाची सुसंगत मांडणी कुब्जिका देवीच्या उपासकांच्या 'कुब्जिकामततंत्रां'त प्रथम दिसते. हा ग्रंथ सुमारें दहाव्या-अकराव्या शतकांतला. त्याच्या हस्तलिखित प्रती मुख्यतः नेपाळांत जतन झाल्या, आणि त्याची संशोधित आवृत्ति १९८८ सालीं निघाली. तो संप्रदाय पुढें क्षीण झाला, पण त्याची ही सहा पायऱ्यांची शिडी श्रीविद्येच्या उपासकांनीं आणि नाथपंथी हठयोग्यांनीं उचलली, व त्यांच्या हातून ती देशभर गेली.

या मांडणीचें सर्वांत रेखीव चित्र बंगालच्या पूर्णानंद यतींनीं काढलें. १५७७ सालीं त्यांनीं 'श्रीतत्त्वचिंतामणि' हा ग्रंथ रचला; त्याचें सहावें प्रकरण म्हणजे 'षट्चक्रनिरूपण'. यांतील हिशेब पाहण्याजोगा आहे. मूलाधाराच्या पाकळ्या ४, स्वाधिष्ठानाच्या ६, मणिपूराच्या १०, अनाहताच्या १२, विशुद्धाच्या १६, आज्ञेच्या २. आतां बेरीज करा. ती बरोबर ५० येते; आणि संस्कृत वर्णमालेचीं अक्षरें या शास्त्रांत ५० धरतात. प्रत्येक पाकळीवर एकेक अक्षर आहे. कंठांतील सोळा पाकळ्यांवर सोळा स्वर; हृदयाच्या बारांवर क पासून ठ पर्यंत; नाभीच्या दहांवर ड पासून फ पर्यंत; त्याखालीं ब पासून ल पर्यंत सहा; मूलाधारीं व, श, ष, स हीं चार; आणि भ्रूमध्यांत ह व क्ष. ज्यानें जन्मभर मुलांकडून मुळाक्षरें घोकून घेतलीं, त्या माझ्यासारख्याला हा हिशेब प्रथम उमगला तेव्हां मोठा अचंबा वाटला. मनुष्याचा कणा म्हणजे एक उभी धरलेली वर्णमाला! ज्या वाणीनें जग सांगितलें जातें, ती सारी वाणी या देहांत खालपासून वरपर्यंत लिहिली आहे, अशी ही कल्पना.

त्याबरोबरच पंचमहाभूतेंहि आहेत. मूलाधारीं पृथ्वीचा पिवळा चौकोन, त्यावर जलाची पांढरी चंद्रकोर, नाभीशीं अग्नीचा लाल त्रिकोण, हृदयीं वायूचा धुरकट षट्कोन, कंठीं आकाशाचें वर्तुळ. साधकानें ध्यानांत पृथ्वी जलांत विरवावी, जल अग्नींत, अग्नि वायूंत, वायु आकाशांत, आणि अशा रीतीनें सृष्टि ज्या क्रमानें झाली त्याच्या उलट क्रमानें मूळ कारणाकडे जावें. मूलाधारीं वेटोळें घालून निजलेली कुंडलिनी ही सुषुम्नेच्या वाटेनें वर जाते, म्हणजे काय होतें, तर साधक हा उलटा प्रवास करतो. हें सारें सांख्यांचें तत्त्वज्ञान आहे. फक्त पोथींत वाचण्याऐवजीं तें स्वतःच्या अंगावर वाचावयाचें आहे.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे येऊं. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति व ज्ञानेश्वर ही परंपरा सर्वांस ठाऊक आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आसन, स्थिर मान, नासिकाग्रीं दृष्टि एवढेंच सांगितलें आहे. कुंडलिनीचें नांव तेथें नाहीं. परंतु त्या श्लोकांवर बोलतांना ज्ञानेश्वरांनीं नाथांचें गुप्त धन उघडें केलें. वज्रासन, मूळबंध, जालंधर व उड्डियान हे बंध, सर्पिणीच्या पिलासारखी निजलेली कुंडलिनी, तिचें जागें होणें, तिनें शरीरांतील पृथ्वी व जल यांचे अंश ग्रासून टाकणें, आणि शेवटीं तिचा मारुतांत व मारुताचा गगनांत लय होणें, हें सर्व त्यांनीं मराठींत, स्त्रीशूद्रादि सर्वांस ऐकतां येईल अशा भाषेंत सांगितलें. जें ज्ञान गुरूनें शिष्याच्या कानांत सांगावयाचें, तें बाजारच्या बोलींत आलें, ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती.

आणि या निरूपणाचें एक वैशिष्ट्य असें कीं, त्यांत स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत हे शब्द येतात, पण पाकळ्यांची मोजदाद नाहीं, अक्षरांची वांटणी नाहीं, प्रत्येक चक्राच्या देवतेची यादी नाहीं. ज्ञानेश्वरांस मांडणीपेक्षां घडणाऱ्या पालटाचें महत्त्व होतें.

हें माझ्या ध्यानांत कसें आलें, तें सांगणें मला प्राप्त आहे, कारण त्यांत माझीच चूक आहे. माझ्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत सातवीच्या वर्गांत मनुष्यशरीराचा तक्ता लावून मी मज्जासंस्था शिकवीत होतों. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, यांत मूलाधार कोठें आहे?" त्याचे आजोबा वारकरी होते व घरीं ज्ञानेश्वरी वाचीत. मीं एका लहानशा पुस्तकांत वाचलेलें उत्तर ठोकून दिलें. चक्रें म्हणजे मज्जातंतूंचीं जाळीं. आपल्या ऋषींना तीं आधींच ठाऊक होतीं. हें पाहा मूलाधार, हें पाहा मणिपूर. छडीनें जागाहि दाखविल्या. वर्ग खूष झाला, आणि मीहि झालों.

चार दिवसांनीं बाजाराच्या दिवशीं ते आजोबा शाळेच्या दारांत भेटले. त्यांनीं नमस्कार केला आणि विचारलें, "गुरुजी, पोराला सांगितलंत तें कुठं लिहिलंय?" मीं पुस्तकाचें नांव सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माउलींनीं तर तसं कुठं लिहिलं नाहीं." बोलण्यांत उपरोध नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. मला उत्तर देतां आलें नाहीं, कारण सहावा अध्याय मीं मुळांतून वाचलेलाच नव्हता. दुसऱ्याच्या धर्मग्रंथाची साक्ष मीं न वाचतां काढली, आणि तीहि मुलांसमोर. त्या रात्रीं मीं ज्ञानेश्वरी उघडली. आजोबांचें म्हणणें बरोबर होतें. मुलांना मात्र मीं पुढें कधीं तें सुधारून सांगितलें नाहीं. वर्ष संपलें, वर्ग बदलला. ती टोचणी आजवर आहे, आणि आजच्या या भाषणाचें खरें कारणहि तेंच.

मीं वर्गांत दिलेलें उत्तर माझें नव्हतें. त्यालाहि एक कुळकथा आहे. इंग्रजी विद्या आल्यावर आपलें प्राचीन ज्ञान नव्या शास्त्राच्या पंक्तीस बसविण्याची आपल्या विद्वानांस तळमळ लागली. डॉक्टरी शिकलेल्या वामनदास बसूंनीं १८८८ सालीं तंत्रांतील शरीरशास्त्रावर निबंध लिहून चक्रांचा मज्जातंतूंच्या जाळ्यांशीं मेळ घालण्याचा प्रयत्न केला. मुंबईचे डॉक्टर वसंत गंगाराम रेळे यांनीं १९२७ सालीं इंग्रजींत पुस्तक लिहून कुंडलिनी म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही मज्जा होय, असें प्रतिपादन केलें. त्या पुस्तकास प्रस्तावना होती सर जॉन वुड्रॉफ यांची. हे कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश. 'आर्थर ॲव्हलॉन' या नांवानें त्यांनीं १९१९ सालीं 'द सर्पंट पॉवर' हा ग्रंथ प्रसिद्ध करून पूर्णानंदांचें षट्चक्रनिरूपण इंग्रजी जाणणाऱ्या जगापुढें ठेवलें होतें. या कामांत अटलबिहारी घोष या बंगाली पंडिताचा वांटा फार मोठा होता, हें २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलीन टेलर यांच्या संशोधनानें स्पष्ट झालें आहे. गंमत अशी कीं, ज्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली त्याच पुस्तकाच्या मुख्य सिद्धांताशीं वुड्रॉफ सहमत नव्हते. कुंडलिनी ही एखादी मज्जा नव्हे. शरीर व मन या दोहोंच्या मुळाशीं असलेली ती शक्ति आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

त्याच १९२७ सालीं थिऑसॉफीचे पुढारी लेडबीटर यांनीं चक्रांवर रंगीत चित्रांचें पुस्तक काढलें. आपण दिव्यदृष्टीनें पाहिलें असें ते सांगत; त्यांनीं स्वाधिष्ठानाच्या ठिकाणीं प्लीहेजवळचें चक्र घातलें. १९३२ सालीं झुरिक येथें कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञानें कुंडलिनीवर व्याख्यानें देऊन चक्रांचा अर्थ मनाच्या विकासाच्या पायऱ्या असा लावला. आणि १९७० नंतर पाश्चात्त्य देशांत सात चक्रें व इंद्रधनुष्याचे सात रंग यांची जोडी पक्की झाली. खालीं तांबडा, वर जांभळा, अशीं जीं चित्रें आज आपल्याकडेहि भिंतींवर दिसतात, तीं या नव्या जोडीचीं आहेत. पूर्णानंदांचें मणिपूर पावसाळी मेघासारखें सांवळें आहे आणि हृदयाचें कमळ बंधूक फुलासारखें लाल आहे. आपलीच वस्तु परदेशी जाऊन रंग बदलून परत आली, आणि आपण तिला पुरातन म्हणून हात जोडले!

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. नौलि व उड्डियान करतांना पोटांतील दाब किती उतरतो, हें त्यांनीं यंत्रानें मोजलें आणि आपल्या 'योगमीमांसा' त्रैमासिकांत छापलें. त्याच संस्थेनें पुढें १९७० सालीं हठप्रदीपिकेची अनेक हस्तलिखितें ताडून आवृत्ति काढली. जें मोजण्याजोगें तें यंत्रानें मोजावें, जें वाचण्याजोगें तें हस्तलिखितांवरून वाचावें, आणि एकाचें काम दुसऱ्याकडून घेऊं नये, हा धडा तेथें मिळतो.

आतां पुन्हां गंगेच्या कांठीं जाऊं. दयानंदांनीं चाकूनें जें शोधलें तें चाकूस सांपडणारें नव्हतें. सतार फोडून राग सांपडत नाहीं, म्हणून राग खोटा ठरत नाहीं. पण राग म्हणजे सतारीच्या भोंपळ्यांतील अमुक लाकूड, असें जो सांगतो तोहि चूकच करतो. दयानंद पहिल्या बाजूस चुकले. त्यांची ती चूक प्रामाणिक होती, कारण त्यांनीं स्वतःच्या हातानें परीक्षा केली. मी दुसऱ्या बाजूस चुकलों, आणि माझी चूक हलकी होती, कारण मीं परीक्षाच केली नाहीं.

हा केवळ पंडितांचा वाद असता तर मीं आपला वेळ घेतला नसता. चार दिवसांत चक्रें उघडून देतों, अमुक खडा गळ्यांत घातला कीं अमुक रोग जातो, अशा जाहिराती आज सर्वत्र दिसतात. चक्र म्हणजे शरीरांतला एक अवयव, ही समजूत एकदां रुजली म्हणजे त्या अवयवाचा रोग सांगणारा व दुरुस्ती करणारा आपोआप उभा राहतो. आणि खऱ्या अवयवाचा खरा रोग तसाच औषधावांचून वाढत राहतो. इतिहास येथें उपयोगी पडतो. कोणती गोष्ट कोणत्या शतकांत, कोणत्या लोकांनीं, कशासाठीं मांडली, हें कळलें कीं ती विकणाऱ्यास चार प्रश्न विचारतां येतात.

आणि ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांचें यांत कांहींच उणें होत नाहीं. नऊ वेगवेगळ्या शिल्पकारांनीं देवळें वेगवेगळीं बांधलीं म्हणून आंतला देव नऊ होत नाहीं. योगाचा एवढा थोर प्रसंग वर्णन करणाऱ्या ज्ञानेश्वरांनींच बाराव्या अध्यायांत या वाटेचे कष्ट सांगून भक्तीचा सोपा मार्ग पुढें ठेवला, आणि पुढें वारकऱ्यांनीं तोच धरला. ते आजोबा त्या वाटेचे होते. चक्रांचा नकाशा त्यांना नको होता; आपल्या ग्रंथाच्या नांवावर कोणी नसलेलें वाक्य घालूं नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

येत्या भाद्रपदांत अथर्वशीर्ष म्हणतांना मूलाधार हा शब्द आला, तर क्षणभर थांबावें. शरीराच्या तक्त्यावर त्याला शोधूं नये आणि तो तक्त्यावर नाहीं म्हणून हंसूंहि नये. आणि एखाद्या मुलानें विचारलेंच, तर ठाऊक असेल तेवढें सांगावें. नसेल तर "पाहून सांगतों" म्हणावें, आणि खरोखर पाहून सांगावें.